दुष्टव्रणाची पट्टी: कातापासून हायड्रोजेलपर्यंत

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका मराठी माणसाचं चित्र छापून आलं. त्याचं नाव कावसजी. कुळाने शेतकरी, इंग्रजी फौजेत बैल हाकायच्या कामावर. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परत आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. हे चित्र सवाई माधवरावांच्या दरबारात वावरलेल्या जेम्स वेल्सच्या हातचं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी असं ऑपरेशन होताना स्वतः पाहिलं होतं. हा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये तेच ऑपरेशन केलं. युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीचा पाया त्यातून पक्का झाला.

ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्या वृत्तांताचा शेवटचा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही. कातडी जागेवर बसवल्यानंतर त्या वैद्याने शिवण घातली नाही. त्याने कात पाण्यात कालवून मऊ केला, तो कापडाच्या चिंध्यांवर माखला आणि अशा पाच-सहा चिंध्या सांध्यावर एकावर एक बसवल्या. चार दिवस दुसरं काहीही लावलं नाही. चार दिवसांनी ती पट्टी काढली आणि तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. आधी घट्ट धरून ठेवणारी आणि स्राव आवरणारी पट्टी, मग ओलावा धरणारी. जखमेवर काय ठेवायचं आणि ते कधी बदलायचं, याचा एवढा नेमका लेखी पुरावा अठराव्या शतकातल्या महाराष्ट्राबद्दल क्वचितच सापडतो.

असा कात काढणारे लोक रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात राहतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, कुंभिवलीच्या आसपासच्या डोंगरउतारांवर आणि घाटाखालच्या वाड्यांमध्ये कातकरी समाज राहतो. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा. सरकारने १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, तेव्हा कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि कातकऱ्यांची ओळख त्यात कात करणारे अशीच दिलेली आहे.

कात काढणं म्हणजे दिवसभर विस्तवापाशी बसायचं काम. खैर तोडायचा, बाहेरचं पांढरट लाकूड तासून टाकायचं आणि आतला तांबडा गाभा तेवढा ठेवायचा. गाभ्याच्या बारीक ढलप्या करून त्या मडक्यांत पाण्यात उकळायच्या. पाणी गडद लाल झालं की ते गाळून घ्यायचं, पुन्हा आटवायचं. काकवीसारखा दाट झालेला रस गार करायचा, मग वड्या पाडून सुकवायच्या. फिकट, दाणेदार भाग विड्याच्या पानात जायचा. काळपट, तुरट भाग रंगाला, कातडी कमवायला आणि कोळ्यांची जाळी रंगवायला लागायचा. जाळं कातात बुडवलं की खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. कारण एकच, टॅनिन. टॅनिन प्रथिनाला धरतं, आवळतं आणि त्यावर एक टणक थर तयार करतं. कातड्याच्या कारखान्यात जे घडतं तेच थोड्या प्रमाणात जखमेवर घडतं. रक्त थांबतं, स्राव आटतो आणि उघड्या मांसावर पातळ खपली धरते.

कातात आणखीही काही होतं. एडगर ह्यूगो एमिल राइन्श या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये कातातलं कॅटेचिन तापवून त्यातून एक नवीन द्रव्य वेगळं केलं. ते म्हणजे कॅटेकॉल. ओल्या खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या गोंदातही याच कुळातली रचना असते, हे पुढे विसाव्या शतकात कळलं. आज ओल्या जखमेला चिकटून राहणारी हायड्रोजेलं तयार करताना जगभरच्या अनेक प्रयोगशाळा कॅटेकॉल आणि टॅनिक ॲसिड यांचा आधार घेतात. पुण्याच्या त्या वैद्याला रसायन माहीत नव्हतं, परंतु ओल्या कातडीवर कोणती वस्तू धरून राहते ते त्याला पक्कं माहीत होतं.

जखमेच्या उपचाराचं शास्त्र आपल्याकडे त्याच्याही फार आधी लिहून ठेवलेलं आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत लेप आहेत, धुणं आहे, छेदन आहे, मध आणि तूप आहे, आणि ‘पत्रदान’ नावाचा एक उपक्रम आहे, म्हणजे जखमेवर योग्य त्या झाडाचं पान ठेवणं. पट्टी बांधण्याच्या चौदा तऱ्हा आहेत. चिघळून बसलेल्या, पू धरणाऱ्या, भरून न येणाऱ्या जखमेला तिथे ‘दुष्टव्रण’ म्हटलं आहे. आजच्या सर्जनच्या भाषेतली जंतुसंसर्ग झालेली जुनाट जखम ती हीच.

पण सुश्रुताने काही जखमा बांधायच्याच नाहीत असंही बजावून ठेवलं आहे. कुष्ठरोग्यांच्या जखमा, आगीने भाजलेल्या जखमा, मधुमेहींच्या पुळ्या आणि विषाने झालेले व्रण. यामागे अनुभवाचं शहाणपण दिसतं. त्या काळच्या कापडाखाली अशी जखम कोंडली जायची, आत ऊब धरायची आणि मांस सडायचं. उघडी ठेवली तर निदान पू वाहून जायचा. ज्या जखमा झाकणं परवडत नव्हतं त्या झाकायला योग्य वस्तू शोधणं, हाच पुढच्या दोन हजार वर्षांचा प्रश्न होऊन बसला.

आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांत बघावं तर आजही याच चार जखमा भेटतात.

त्याला इतिहास आहे. घाटाखालची रेल्वे मे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचली. पुढची सात वर्षं बोरघाटातले २५ बोगदे फोडण्यात गेली. १८६१ च्या सुमारास घाटात ४० हजारांवर मजूर राबत होते आणि सुरुंग, दरडी व पटकी यांनी त्यांतले हजारो मेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. लोहमार्गाला लाकूड लागलं, मुंबईला कोळसा लागला, जंगलाला भाव आला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाची मालकी सरकारकडे गेली आणि खैर तोडणं हा गुन्हा ठरू लागला. कात काढणारा समाज त्याच जंगलात कोळसा पाडायला लागला. पुढे जंगल सरलं तेव्हा तो वीटभट्टीवर गेला. दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं आणि चार महिने भाताच्या चिखलात उभं राहायचं, असं कितीतरी कातकरी घरांचं वर्ष आजही जातं. सरकारी यादीत कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक आहेत. बाकीच्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.

भट्टीवर भाजतं. लावणीत फुरसं किंवा घोणस चावते. प्रतिविषाने जीव वाचतो, पण दंशाच्या जागेचं मांस मरतं आणि पायाला महिनोन् महिने न भरणारा व्रण राहतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यात काटा रुततो आणि कळतच नाही. अलीकडे त्यात मधुमेहाची भर पडली आहे. तो आता बंगल्यापुरता राहिलेला नाही, वाडीवरही आला आहे.

घरगुती इलाजांचं कपाट इथे भरलेलं असतं. कापलं की दगडीपाल्याचा रस. त्यालाच कुणी कंबरमोडी म्हणतं, कुणी एकदांडी. बांधावर उगवणारी ही पिवळ्या-पांढऱ्या फुलांची वनस्पती मूळची अमेरिकेतली असूनही मराठी माणसाला ती आजोबांच्या काळापासूनची वाटते. मग हळद. हळदीचा तर खटलाच झाला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुढे करून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. कर्जतजवळ कशेळे इथे अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासींच्या वनौषधींवर काम केलं आहे. हे ज्ञान खरं आहे आणि ते जपायला हवं. पण साध्या कापण्याला पुरणारा पाला दुष्टव्रणाला पुरत नाही, आणि राख, तंबाखू, चहाची पूड किंवा भाजलेल्यावर टूथपेस्ट हे इलाज तर जखम बिघडवतातच. एवढं स्पष्ट म्हणायला हरकत नसावी.

जखमेवरचं टॅनिन विसाव्या शतकात जगभर फिरून आलं. डेट्रॉइटचे डॉ. एडवर्ड डेव्हिडसन यांनी १९२५ मध्ये भाजलेल्या जखमांवर टॅनिक ॲसिड फवारायची पद्धत मांडली. जखमेवर तपकिरी, टणक कवच धरायचं, स्राव थांबायचा आणि मृत्यू कमी व्हायचे. दहा-पंधरा वर्षं सगळीकडे हाच उपचार चालला. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याची दुसरी बाजू उघडी पडली. जळालेल्या वैमानिकांच्या हातांवर कवच आवळून बसलं आणि बोटं वाकडी झाली, कवचाखाली पू साठला. टॅनिक ॲसिड रक्तात उतरून यकृताला इजा करतं हेही उघड झालं. इंग्लंडमधले सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्या लक्षात आलं की समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा इतरांपेक्षा चांगल्या भरतात. त्यांनी टॅनिक ॲसिड बाजूला सारलं आणि रुग्णांना मिठाच्या पाण्याच्या टबात बसवायला सुरुवात केली. जखम कोरडी करून खपली धरायची की ओली ठेवायची, या वादाचं पारडं तिथे फिरू लागलं.

पुरावा आला १९६२ मध्ये. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर वरवरच्या जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथीनचा पातळ पडदा लावला. पडद्याखालच्या, ओलाव्यात राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने पसरली. खपली धरलेल्या जखमेत कातडीच्या पेशींना कोरड्या थराखालून वाट काढत जावं लागतं. ओल्या जखमेत त्या सरळ पृष्ठभागावरून पुढे सरकतात. ‘जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारं वाक्य त्या प्रयोगाने मोडीत काढलं. साठ वर्षं उलटून गेली तरी ते वाक्य टिकून आहे.

ओलावा धरायला साहित्यही त्याच सुमारास तयार झालं होतं. प्रागचे ओटो विख्टर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० मध्ये शरीरात चालणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जेलबद्दल निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मनात डोळा होता आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच निघाली. जखमेच्या पट्टीपर्यंत हायड्रोजेल यायला आणखी दोन दशकं गेली. पोलंडमधल्या वुच शहरात यानुश रोशाक यांनी १९८० च्या दशकात पॉलिमरचं पाणीदार द्रावण पाकिटात भरून त्यावर किरणोत्सर्ग सोडायची युक्ती काढली. एकाच झोतात द्रावणाचं जेल होतं आणि पट्टी निर्जंतुकही होते.

दरम्यान महाराष्ट्रात सर्जन मंडळी हाताशी असलेल्या वस्तूंकडे वळली होती. हा या इतिहासाचा सगळ्यात अभिमानाचा भाग आहे आणि तो शालेय पुस्तकांत यायला हवा.

परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी भाजलेली मुलं रोज बघत. गॉजची पट्टी वाळते, जखमेला चिकटते आणि काढताना नवी कातडी सोबत घेऊन येते. मूल किंचाळतं. परदेशी कृत्रिम कातडी सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाच्या आवाक्यात नव्हती. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याची सालं घेतली, ती पट्टीच्या कापडावर एकाला एक लावून बसवली, निर्जंतुक केली आणि जखमेवर ठेवली. त्यांचा पहिला अहवाल १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात आला. सालीचा आतला ओला भाग जखमेला वाळू देत नाही आणि पट्टी वेदना न होता निघते. १९९० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जखमेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सालीखालची नवी कातडी दाखवून दिली.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मध घेतला. १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त छापलेल्या त्यांच्या अभ्यासात १०४ रुग्ण होते. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना त्या काळचं नेहमीचं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातल्या ७ टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा मधाकडे ८७ टक्के, मलमाकडे १० टक्के. त्यांनी १९९६ मध्ये मधाची तुलना थेट बटाट्याच्या सालीशी केली आणि मध सरस ठरला. या अभ्यासांच्या पद्धतीवर पुढे प्रश्न विचारले गेले आणि इतक्या मोठ्या फरकाचा आकडा इतरत्र सहज मिळाला नाही. तरीही मधाकडे जगाचं लक्ष वळवणाऱ्या कामांत सोलापूरचं नाव पुढे आहे. मधात पाणी कमी आणि साखर भरपूर असल्याने जंतूंचं पाणी शोषलं जातं, तो आम्लधर्मी असतो आणि पातळ झाल्यावर त्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटत राहतं. आज मध घातलेली हायड्रोजेलंही बनतात.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निवडलं. कापडावर चिकटवलेलं, वाफेने निर्जंतुक केलेलं पान. त्यांचे दोन निबंध २००३ मध्ये ‘बर्न्स’मध्ये आले. कातडी काढून घेतलेल्या जागांवर त्यांनी पान आणि व्हॅसलीन गॉज ताडून पाहिलं, आणि अर्धवट खोल भाजलेल्या जखमांवर पान आणि बटाट्याची साल. पान गॉजपेक्षा कमी दुखवणारं ठरलं. जखम भरण्यात ते सालीच्या बरोबरीला उतरलं आणि तयार करायला सालीपेक्षा कितीतरी पट स्वस्त पडलं. मेणचट, गुळगुळीत, पाणी न सोडणारं हे पान कोकणातल्या प्रत्येक परसात असतं. सुश्रुताचं पत्रदान मुंबईच्या महापालिकेच्या रुग्णालयात आधुनिक कसोटीला उतरलं, असं म्हणायला पूर्ण आधार आहे.

मग मुंबईतलं तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात १९७४ पासून ‘आयसोमेड’ हा प्रकल्प चालला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी सिरिंज, हातमोजे, टाक्यांचे धागे असं वैद्यकीय सामान बंद पाकिटातच निर्जंतुक करायचा हा देशातला पहिला प्रकल्प. तिथल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गाने हायड्रोजेल पट्टी बनवायचं तंत्र उभं केलं आणि ते उद्योगांना उत्पादनासाठी दिलं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल गरम पाण्यात विरघळवायचं, त्यात अगरसारखी नैसर्गिक शर्करा मिसळायची, उथळ तबकात ओतून पाकीट सील करायचं आणि किरणांखाली धरायचं. निर्जंतुक करायला लागणारी मात्रा साधारण २५ किलोग्रे. तेवढ्यात पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजाग जोडल्या जातात आणि त्या जाळीत पाणी अडकून राहतं. वेगळं रसायन घालावं लागत नाही.

पाकीट फाडलं की हातात येतो तो काही मिलिमीटर जाडीचा पारदर्शक तुकडा. ताडगोळ्याच्या गरासारखा गार, लवचिक, बोटाला ओला लागणारा. त्याच्या वजनाचा बहुतांश भाग पाणीच. भाजलेल्या हातावर ठेवताक्षणी आग शमते, कारण त्यातलं पाणी उष्णता ओढून घेतं. खालची जखम न उघडता दिसते. काढताना तो चिकटत नाही. जखमेवर काळपट, वाळलेलं मेलेलं मांस असेल तर जेल त्याला पाणी देतं, ते मऊ पडतं आणि शरीराचीच विकरं ते सोडवतात. चाकू न लावता साफसफाई होते. स्राव थोडा असेल तर तो जेलमध्ये शोषला जातो.

इथे सावध राहायला हवं, कारण हायड्रोजेलला जादूची पट्टी म्हणून विकणारेही आहेत. साधं जेल जंतू मारत नाही. दुष्टव्रणात जंतू सुटे नसतात, ते स्वतःभोवती चिकट थर करून वसाहत करतात आणि त्या थरात प्रतिजैविकही धड शिरत नाही. म्हणून आधी तो थर घासून, धुऊन, कापून काढावा लागतो. मग जंतुनाशक घातलेलं जेल कामाला येतं, कशात चांदीचे सूक्ष्म कण, कशात मध, कशात आयोडीन. पू भरपूर वाहत असेल तर जेल उलट त्रास देतं, आजूबाजूची कातडी पाण्याने पांढरी पडून फुगते. तिथे शोषून घेणारी दुसरी पट्टी हवी. आणि हाडापर्यंत संसर्ग गेला असेल, किंवा पायाला रक्तच पोचत नसेल, तर कोणतीही पट्टी पुरी पडत नाही.

यापेक्षाही मोठा धडा कुष्ठरोगाने दिला. मुंबईत १८९० मध्ये आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय सुरू झालं. पुढे वर्ध्याजवळ दत्तपूर, अमरावतीला तपोवन, वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं. इकडे पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे. तिथे राबणाऱ्या माणसांनी आयुष्यभर जखमा धुतल्या. त्या काळी समजूत अशी की बोटं झडणं आणि तळव्याला भोकं पडणं हा रोगाचाच अटळ भाग. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ती समजूत खोडून काढली. कुष्ठरोग्याचं मांस इतरांइतकंच चांगलं भरून येतं, असं त्यांनी दाखवलं. ते भरत नाही, कारण वेदना नसल्याने तो जखमेवरच चालत राहतो. त्यांनी पायाला प्लास्टर घातलं, दाब हटवला, आणि वर्षानुवर्षांचे व्रण भरले. त्यातूनच मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आल्या. कुष्ठरोग कार्यक्रमात त्या आजही वाटल्या जातात. सोबत रोजचा पाठ शिकवला जातो. पाय पाण्यात भिजवा, घट्टे घासा, पाय ओले असतानाच तेल लावा. ओलावा आत कोंडायचं तेच तत्त्व इथे बादली आणि खोबरेल तेलाने साधलं जातं.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायाला लावला. पाय कापावा लागू नये म्हणून डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण देण्याचं मोठं काम त्यांनी केलं. चप्पल, रोजची तपासणी, साखरेवर ताबा, आणि मग पट्टी. हा क्रम उलटा केला की महागातलं जेलही वाया जातं.

१९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला आणि कुष्ठरोग बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं. पण औषधाने जंतू मरतो, मेलेली नस परत येत नाही. रायगडच्या आदिवासी वाड्यांत नवे रुग्ण अजूनही सापडतात आणि जुन्या रुग्णांचे बधिर पाय तर आयुष्यभर सांभाळावे लागतात.

तुर्भे ते कुंभिवली हे अंतर गाडीने दीड-दोन तासांचं. दरम्यान पाताळगंगेच्या खोऱ्यात रसायनांचे आणि औषधांचे कारखाने रांगेने उभे आहेत. तरीही भट्टीवर भाजलेल्या पोराच्या हातावर अनेकदा पहिल्यांदा लागते ती टूथपेस्ट, आणि वाडीवरच्या म्हातारीच्या तळव्यावर कोरडी चिंधी. ज्या समाजाचा मूळ धंदा असलेल्या कातावर दोनशे वर्षांपूर्वी जगाला थक्क करणारी पट्टी बांधली गेली, त्याच्या वाट्याला आज एवढंच येत असेल तर दोष वाडीचा नाही. जखम बांधायचं काम आपल्या व्यवस्थेने शेवटच्या रांगेत ढकललं आहे, आणि हे बदलायला नवा शोध लागायची गरज नाही.

खालापूर आणि कर्जतच्या पंचायत समित्यांनी, पाताळगंगेच्या कारखान्यांनी आपल्या सामाजिक निधीतून आणि इथे बंगले बांधणाऱ्या शहरी मंडळींनी मिळून तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. प्रत्येक उपकेंद्रात हायड्रोजेलच्या आणि न चिकटणाऱ्या पट्ट्यांचा साठा ठेवावा. आशाताईंना जखम धुवायचं आणि बधिर तळवा ओळखायचं प्रशिक्षण द्यावं. भट्टीचा हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एकदा परिचारिका भट्टीवर पाठवावी, कारण भट्टीवरचा मजूर दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात येत नाही. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी, शेतावर किंवा बांधकामावर एखाद्याच्या पायाची जखम दोन आठवडे झाले तरी भरत नसेल, तर तिच्यावर काहीही लावण्याआधी त्याची साखर तपासून घ्यावी, तळव्याला स्पर्श कळतो का ते बघावं आणि त्याला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावं.